जोन स्कॉट, फ्रान्स आणि "हे सगळं अमेरिकेतून आलंय" हा युक्तिवाद

ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी पॅरिसजवळच्या ले म्युरो गावात एक मोठं भाषण केलं. विषय इस्लामी कट्टरतावादाचा होता, पण मधेच ते विद्यापीठांकडे वळले आणि म्हणाले की समाजशास्त्रातल्या काही थिअऱ्या पूर्णपणे अमेरिकेतून आयात झाल्यात, तिथले प्रॉब्लेम सोबत घेऊन आल्यात. चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्यांच्या उच्चशिक्षण मंत्री फ्रेदेरिक विदाल टीव्हीवर म्हणाल्या की 'इस्लामो-गोशिस्म', म्हणजे डावे आणि इस्लामवादी यांची हातमिळवणी, सगळ्या समाजाला पोखरतेय, विद्यापीठंही त्यातून सुटलेली नाहीत, आणि कोणतं संशोधन खरं नि कोणतं नुसता राजकीय प्रचार हे तपासायला आपण सीएनआरएसला सांगणार. सीएनआरएस ही त्यांची सर्वात मोठी सरकारी संशोधन संस्था. तिने लगेच जाहीर केलं की हा शब्दच शास्त्रीय नाही, विद्यापीठांच्या अध्यक्षांच्या संघटनेने आपण थक्क झालोय असं लेखी कळवलं, आणि दोनेक वर्षांनी समोर आलं की ती चौकशी कधी झालीच नव्हती. पण व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. जेंडर स्टडीज (समाज बाई-पुरुष हा फरक कसा घडवतो त्याचा अभ्यास), वसाहतवादाचा अभ्यास, वंशभेदाचा अभ्यास या सगळ्यांवर एकच शिक्का बसला, की हे बाहेरून आलेलं आहे, आपलं नाही.

मला हा युक्तिवाद फार घातक वाटतो, आणि त्याचं कारण सांगायला मी एका बाईचं काम घेणारे. जोन वॉलक स्कॉट. जन्म १९४१, ब्रुकलिन. अमेरिकन इतिहासकार, आणि जवळजवळ सगळी कारकीर्द फ्रान्सच्या अभ्यासात घातलेली, म्हणजे "अमेरिकेतून आलंय" असं ज्यांच्याकडे बोट दाखवून म्हणतात त्यात तिचं नाव अगदी वर. तेव्हा तिच्याच कामावर हा आरोप घासून बघू, टिकतो का.

आधी थोडं तिच्या घराबद्दल, कारण पुढे लागणारे. तिचे वडील सॅम वॉलक न्यूयॉर्कच्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे, शिक्षक संघटनेत पुढे होते. सिनेटर मॅकार्थीच्या काळात कम्युनिस्ट शोधायची जी मोहीम निघाली तिला त्यांनी सहकार्य करायला नकार दिला आणि १९५३ मध्ये त्यांची नोकरी गेली. शिकवणाऱ्या माणसाला सरकार "तू नक्की कोणाचा" असं विचारायला लागलं की काय होतं हे या मुलीने बारा वर्षांची असताना घरात बघितलं. पुढे अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेत शैक्षणिक स्वातंत्र्याचं काम बघणाऱ्या समितीची ती काही वर्षं अध्यक्ष होती, ते उगीच नाही.

आता फ्रान्स. १९७४ मध्ये तिचं पहिलं पुस्तक आलं ते कार्मो नावाच्या गावातल्या काच कामगारांवर. कार्मो म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं, आल्बीजवळचं छोटं औद्योगिक गाव, खाण आणि काचेचा कारखाना. फुंकनळीने बाटल्या फुगवणारे कारागीर तिथे एके काळी स्वतःच्या कौशल्यावर ताठ मानेने जगायचे, मग नवीन भट्ट्या आल्या, यंत्रं आली, कौशल्याची किंमत उतरली आणि हेच कारागीर युनियनमध्ये आणि समाजवादी राजकारणात आले. १८९५ चा तो गाजलेला संप, झाँ झोरेससारखा नेता त्यांच्या पाठीशी, आणि १८९६ मध्ये कामगारांनी आल्बीला काढलेला स्वतःच्या मालकीचा काच कारखाना. हे सगळं तिने गावातल्या जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदी, जनगणनेचे कागद, पोलिसांचे रिपोर्ट असं धुंडाळून लिहिलं. यात 'थिअरी आयात' कुठेय? ही कुठल्याही फ्रेंच इतिहासकाराने करावी तशी अर्काईव्हमधली हमाली आहे, आणि तीही अशा गावात जिथे पॅरिसचे विद्वान सहसा जात नाहीत.

त्या पुस्तकाचे नायक पुरुष होते. मग १९७८ मध्ये लुईझ टिली या इतिहासकार बाईबरोबर तिने इंग्लंड आणि फ्रान्समधल्या बायकांच्या कामाचा आणि कुटुंबाचा इतिहास लिहिला आणि त्यात एक पक्का बसलेला समज मोडला. समज काय, तर यंत्रयुग आलं, बायका घराबाहेर पडल्या, कारखान्यात गेल्या, कमवायला लागल्या आणि त्यातून मोकळ्या झाल्या. कागद वेगळंच सांगत होते. बायका आधीपासूनच काम करत होत्या, शेतात, दुकानात, घरातल्या मागावर. एकोणिसाव्या शतकातही त्यांच्यातल्या कितीतरी कारखान्यात न जाता मोलकरणी झाल्या, शिवणकामात राहिल्या, आणि तरुण मुली कमवायच्या ते पैसे घरी जायचे, कारण घर चालवणं ही सगळ्यांची जबाबदारी होती. म्हणजे पगार आला की स्वातंत्र्य आपोआप येतं असं काही नसतं, घरातला पैसा कोणाच्या हातात आहे ते बघावं लागतं. आज हे सगळ्यांना माहीत असल्यासारखं वाटतं पण तेव्हा हे आकड्यांनिशी दाखवावं लागलं.

आणि मग १९८६ चा तो लेख, जेंडर ही इतिहास समजून घ्यायची उपयोगी संकल्पना आहे असं सांगणारा. अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यूमध्ये आला आणि त्या नियतकालिकातल्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या लेखांपैकी एक ठरला. त्यातला मुद्दा मी माझ्या भाषेत सांगते. बायकांचा इतिहास म्हणजे राहून गेलेल्या बायकांची नावं शोधून पुस्तकात शेवटी एक प्रकरण जोडणं नव्हे. समाज स्त्री आणि पुरुष यांच्यात जो फरक मानतो त्या फरकाच्या भाषेत तो बाकीची सत्तासुद्धा बोलून दाखवतो. राजा प्रजेचा बाप, देश म्हणजे आई, कमकुवत शत्रू बायकी, कणखर नेता मर्द. जिथे एकही बाई हजर नाही त्या युद्धात, त्या करारात, त्या संसदेतही जेंडर काम करत असतं. एकदा हे लक्षात आलं की पेपर वाचायची पद्धतच बदलते, निदान माझी बदलली.

याचं तिने स्वतः केलेलं एक उदाहरण मला फार आवडतं. १८४८ च्या जूनमध्ये पॅरिसच्या कामगारांचा उठाव झाला, चिरडला गेला. पॅरिसच्या व्यापारी मंडळाने शहरातल्या उद्योगांची एक भलीमोठी पाहणी केली आणि १८५१ मध्ये छापली, तक्ते, आकडे, वर्गवारी. इतिहासकार वर्षानुवर्षं त्यातले आकडे उचलून वापरत होते. स्कॉटने विचारलं की हे आकडे कोणी आणि कशासाठी मांडले? आणि दाखवलं की ती वर्गवारी स्वतःच एक राजकीय बाजू आहे. क्रांतिकारक वाटणारं शहर त्यात छोट्या-छोट्या मालकांचं, कुटुंबांचं, शिस्तीचं दिसायला लागतं, आणि भाड्याच्या खोल्यांत एकट्या राहणाऱ्या कामकरी बायका मात्र संशयाच्या, अनीतीच्या रकान्यात जाऊन पडतात, म्हणजे समाजाला कशाची भीती वाटतेय ते त्या बायकांच्या नावावर लिहिलं जातं. सरकारी तक्त्याला निष्पाप समजू नका, एवढं जरी कोणी यातून घेतलं तरी खूप झालं.

आता त्या भागाकडे येते ज्यामुळे फ्रान्समध्ये खरी चिडचिड होते. फ्रेंच प्रजासत्ताक स्वतःबद्दल सांगतं की आम्ही सार्वत्रिक आहोत, आमच्याकडे फक्त नागरिक असतो, त्याला जात नाही, धर्म नाही, लिंग नाही. फार सुंदर कल्पना आहे, मी मनापासून म्हणतेय. पण मग १७९१ मध्ये ऑलिंप द गूज स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिते, त्यात म्हणते की बाईला वधस्तंभावर चढायचा हक्क असेल तर व्यासपीठावर चढायचाही हवा, आणि नोव्हेंबर १७९३ मध्ये तिला वधस्तंभाचाच हक्क मिळतो. १८४९ मध्ये जान दरवाँ निवडणुकीला उभी राहते, घटनेत बसत नाही म्हणून तिची उमेदवारी धरली जात नाही, आणि समाजवादी प्रुधाँसुद्धा तिच्या विरोधात. युबेर्तीन ओक्लेर म्हणते मत नाही तर टॅक्सही नाही, आणि १९०८ मध्ये मतपेटी उलथवते. लिंग नसलेला नागरिक दर वेळी पुरुषच निघत होता.

स्कॉटने या बायकांवर १९९६ मध्ये जे पुस्तक लिहिलं त्याचा गाभा असा की यांच्याकडे स्वच्छ, सुटसुटीत भूमिका असणं शक्यच नव्हतं. बाई म्हणून बाहेर ठेवलंय, तेव्हा आत यायचा हक्क मागायला "आम्ही बायका" असं म्हणावंच लागतं, आणि मागणी मात्र ही की बाई असण्याने काही फरक पडू नये. "आम्ही वेगळ्या नाही" आणि "आम्ही बायका म्हणून बोलतोय" ही दोन्ही वाक्यं एकाच दमात. हा गोंधळ त्यांच्या डोक्यातला नव्हता, प्रजासत्ताकाच्या पायातच होता. ऑलिंप द गूजने स्वतःबद्दल म्हटलं होतंच की माझ्याकडे द्यायला फक्त विरोधाभास आहेत. आपल्याकडेही कोणी बाई हक्क मागायला उठली की लोक तिच्या बोलण्यातली विसंगती काढत बसतात, त्यांनी हे वाचायला हवं.

आणि मताचा हक्क? फ्रेंच पुरुषांना १८४८ मध्ये, बायकांना एप्रिल १९४४ च्या अध्यादेशाने, प्रत्यक्ष मतदान एप्रिल १९४५ मध्ये. जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर हो! आणि इतका उशीर कोणी केला हे बघा, कारण माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. १९१९ मध्ये खालच्या सभागृहाने बायकांना मताधिकार द्यायचा ठराव मंजूर केला. सिनेटने तो तीन वर्षं दाबून ठेवला आणि नोव्हेंबर १९२२ मध्ये १५६ विरुद्ध १३४ मतांनी पाडला. पाडणाऱ्यांत मोठा वाटा रॅडिकल पक्षाचा, म्हणजे जे कट्टर धर्मनिरपेक्ष, चर्चविरोधी, ज्यांनी १९०५ मध्ये चर्च आणि सरकार वेगळं करायचा कायदा आणला त्याच परंपरेतले. त्यांचं म्हणणं काय, तर बायका पाद्र्याचं ऐकतात, त्यांना मत दिलं तर ते मत चर्चला जाईल आणि प्रजासत्ताक बुडेल. पुढे १९३६ मध्ये खालच्या सभागृहात हाच ठराव एकही विरोधी मत न पडता पास झाला तरी सिनेटने तो चर्चेलाही घेतला नाही. त्याच वर्षी लेऑं ब्लुमने तीन बायकांना सरकारात घेतलं होतं, त्यातली इरेन झोलियो-क्युरी तर आदल्याच वर्षी नोबेल मिळालेली, म्हणजे सरकारात बसता येतं, नोबेल घेता येतं, फक्त मत देता येत नाही.

म्हणजे कित्येक दशकं धर्मनिरपेक्षतेच्या नावानेच बायकांना बाहेर ठेवलं गेलं. आता २००३-०४ कडे, म्हणजे हिजाबच्या वादाकडे या. सुरुवात १९८९ ची, पॅरिसच्या उत्तरेला क्रेई गावातल्या माध्यमिक शाळेतून तीन मुलींना डोक्यावरचा रुमाल काढत नाहीत म्हणून बाहेर काढलं, देशभर गदारोळ झाला, मग सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाने सांगितलं की रुमाल घालणं हे आपोआप धर्मनिरपेक्षतेच्या विरुद्ध ठरत नाही, प्रत्येक प्रकरण वेगळं बघा. तरी वाद विझला नाही. २००३ मध्ये धर्मनिरपेक्षतेचा प्रश्न तपासायला स्तासी आयोग बसला, त्यातल्या वीसपैकी फक्त एक सदस्य बंदीच्या शिफारशीवर तटस्थ राहिला, आणि तो कोण तर झाँ बोबेरो, फ्रेंच धर्मनिरपेक्षतेचाच इतिहासकार. १५ मार्च २००४ ला कायदा झाला, सरकारी शाळांमध्ये धर्म उठून दिसेल अशी चिन्हं बंद. २०१० मध्ये चेहरा झाकायला सार्वजनिक जागी बंदी आली, तेव्हा गृहखात्याच्याच अंदाजाने अख्ख्या देशात असा बुरखा घेणाऱ्या बायका दोन हजारांच्या आत होत्या. २०२३ मध्ये शाळेत अबाया बंद. आणि दर वेळी सांगितलं काय गेलं, की धर्मनिरपेक्षता म्हणजेच स्त्री-पुरुष समानता, ही दोन एकत्रच जन्मली, आणि ज्यांना ती मान्य नाही ते परके.

स्कॉटने २००७ मध्ये हिजाबच्या राजकारणावर आणि २०१७ मध्ये लिंगभाव आणि धर्मनिरपेक्षता यांच्या नात्यावर जे लिहिलं त्याचं सार हे की ही जोडी जुनी नाहीच, ती अलीकडे जुळवलीय. एकोणिसाव्या शतकातल्या धर्मनिरपेक्ष पुरुषांनी सार्वजनिक जग बुद्धीचं म्हणून स्वतःकडे ठेवलं आणि घर, भावना, देवधर्म बायकांकडे ढकलला, आणि मग तोच देवधर्म त्यांच्या मतासाठी अपात्रता ठरवला. नवरा नको म्हणाला तर बाईला नोकरी करता येत नव्हती, त्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं उघडता येत नव्हतं, हे बदललं १९६५ मध्ये, धर्मनिरपेक्षतेचा कायदा होऊन साठ वर्षांनी. आणि त्यात वसाहतीचा इतिहास मिसळा. मे १९५८ मध्ये तेव्हा फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियात, अल्जीयर्सच्या चौकात फ्रेंच लष्कराच्या पुढाकाराने मुस्लिम बायकांचे बुरखे जाहीरपणे उतरवायचे समारंभ झाले, मुक्ती म्हणून. त्या वर्षापर्यंत त्याच अल्जीरियातल्या मुस्लिम बायकांना फ्रान्सने मताचा हक्क दिलेला नव्हता. हे कळल्यावर २००४ च्या भाषणांकडे आधीसारखं बघता येत नाही.

इथे मी थांबून तिच्या विरोधातला एक मुद्दा मांडते, कारण तो खरा आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये पॅरिसजवळच्या व्हित्री गावात सोआन बेंझियान ही सतरा वर्षांची मुलगी एका मुलाने जिवंत जाळली. त्यानंतर वस्त्यांमधल्या मुलींनीच मोर्चा काढला, फादेला आमाराची संघटना उभी राहिली, आणि या बायका सांगत होत्या की आमच्यावर भाऊ, शेजारी, गल्लीतली पोरं दबाव टाकतात, आम्हाला शाळेत तरी मोकळा श्वास हवाय. यातल्या अनेकींना २००४ चा कायदा हवा होता. स्कॉट सरकारच्या बोलण्यातली लबाडी जितकी बारीक उकलते तितक्या बारकाईने ती या मुलींच्या घरात आणि गल्लीत शिरत नाही, असं मला तिचं वाचताना वाटलं. सरकार ढोंगी असू शकतं आणि तरीही एखाद्या मुलीवर खरोखर जबरदस्ती होत असू शकते, दोन्ही एकाच वेळी. पण बघा, या टीकेत ती अमेरिकन आहे हे कुठे आलं? ही टीका तिच्या पुराव्यावर आहे, तिने कोणाला ऐकलं आणि कोणाला कमी ऐकलं यावर आहे, आणि अशा टीकेला उत्तर देता येतं, त्यातून काम सुधारतं. "तू बाहेरची आहेस" याला काय उत्तर देणार.

पॅरिटीच्या, म्हणजे निवडणुकीत बायका आणि पुरुष निम्मे-निम्मे असावेत या मागणीच्या वादावर थोडक्यात. १९८२ मध्ये वकील आणि खासदार जिझेल आलिमीने पुढे आणलेल्या तरतुदीवरून गावपातळीच्या निवडणुकीत एका लिंगाचे ७५ टक्क्यांपेक्षा जास्त उमेदवार नकोत असा नियम झाला, तो घटना परिषदेने फेकून दिला, नागरिकांची विभागणी करता येत नाही म्हणून. १९९७ मध्येसुद्धा संसदेत बायका जेमतेम ११ टक्के. मग फ्रान्स्वाझ गास्पार वगैरेंनी लावून धरलेली मागणी मान्य होऊन १९९९ मध्ये घटनादुरुस्ती आणि २००० मध्ये कायदा आला. पक्षांनी पहिल्यांदा काय केलं तर बायकांना तिकीट देण्याऐवजी दंड भरला, २००२ मध्ये प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपासच राहिलं, २०१७ ला कुठे ३९ टक्क्यांजवळ गेलं. स्कॉटने यावर २००५ मध्ये लिहिलं आणि तिला यात फ्रान्सबद्दल आदर आहे हे वाचताना दिसतं, कारण मूळ मागणी करणाऱ्या बायकांनी सार्वत्रिक नागरिकाची कल्पना टाकून न देता तिलाच पेच घातला होता, की माणूस तुम्हाला इतका अमूर्त हवा असेल तर त्याचं शरीर दोन्ही प्रकारचं असतं हे धरूनच अमूर्त करा. नंतर समलिंगी जोडप्यांच्या हक्काची चर्चा सुरू झाली आणि तत्त्वज्ञ सिल्वियान आगासिन्स्कीसारख्यांनी पॅरिटीला स्त्री-पुरुष जोडप्याच्या पूरकतेचा अर्थ दिला, तिथे गाडी घसरली असं स्कॉटचं मत, मला ते पटतं.

आणि २०११. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा तेव्हाचा फ्रेंच प्रमुख दोमिनिक स्त्रॉस-कानला मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये एका हॉटेल कर्मचारी बाईच्या तक्रारीवरून अटक झाली (फौजदारी खटला नंतर मागे घेतला गेला, मी त्या खटल्याबद्दल काही म्हणत नाहीये). पण त्या निमित्ताने स्कॉटने लिहिलं की फ्रान्समध्ये काही विचारवंत स्त्री-पुरुषांमधल्या गोड आकर्षणाची, लाडिक खेळाची एक राष्ट्रीय परंपरा असल्याचं सांगतात आणि त्या परंपरेखाली असमानता झाकली जाते. त्यावर इरेन तेरी, मोना ओझूफ, क्लोद हाबीब आणि फिलिप रेनो या चौघांनी लिबेरासियाँ या पेपरात उत्तर दिलं, फ्रेंच पद्धतीच्या स्त्रीवादाचा बचाव केला. तेरीने त्याआधी ल मोंद या दैनिकात लिहिलं होतं की या स्त्रीवादाला संमतीचा पूर्ण आदर हवा आणि चोरून घेतलेल्या चुंबनांचं सुखद आश्चर्यही हवं. ओझूफ काही साधी बाई नाही, फ्रेंच क्रांतीची मोठी इतिहासकार आहे, आणि तेरीही अभ्यासू समाजशास्त्रज्ञ. त्यांच्या म्हणण्यात तथ्याचा एक भाग आहे, स्त्री-पुरुष नातं म्हणजे नुसता सत्तेचा हिशोब नव्हे. पण चोरून घेतलेलं चुंबन सुखद आहे की नाही हे कोण ठरवणार? ज्याने चोरलं तो? या प्रश्नाला त्या परंपरेकडे उत्तर नव्हतं, आणि पुढच्या वर्षांत हा प्रश्न अमेरिकन प्राध्यापकांनी नाही, फ्रेंच बायकांनी विचारला. २०१७ मध्ये फ्रेंच सोशल मीडियावर हजारो बायका स्वतःच्या लैंगिक छळाबद्दल बोलल्या, जानेवारी २०१८ मध्ये अभिनेत्री कॅथरीन दनव्ह आणि इतर बायकांनी ल मोंदमध्ये पुरुषांना त्रास देण्याचं स्वातंत्र्य असावं असं पत्र लिहिलं त्यावर तिथल्याच बायका तुटून पडल्या. आणि मग २०२४ चा आव्हिन्यॉचा खटला, नवऱ्याने बायकोला गुंगीचं औषध देऊन परक्या पुरुषांकडून तिच्यावर बलात्कार करवल्याचा. जिझेल पेलिकोने बंद दाराआड सुनावणी नाकारली, लाज आता दुसऱ्या बाजूला जायला हवी म्हणाली, आणि डिसेंबरमध्ये तिच्या माजी नवऱ्यासकट ५१ पुरुष दोषी ठरले. २०२५ मध्ये फ्रान्सने बलात्काराच्या कायदेशीर व्याख्येत संमती नसणं हे स्पष्ट घातलं. प्रॉव्हन्समधल्या एका गावात राहणारी निवृत्त आजी, तिला कोणती अमेरिकन थिअरी शिकवायला गेली होती?

बरं, ही थिअरी तरी अमेरिकन आहे का? स्कॉट १९८० च्या सुमारास ब्राऊन विद्यापीठात आली, तिथे १९८१ मध्ये तिने स्त्री-अभ्यासाचं पेम्ब्रोक सेंटर सुरू केलं, आणि तिथे ती जे वाचून बदलली ते कोण होते? फुको आणि देरिदा हे तत्त्वज्ञ, लाकाँ हा मनोविश्लेषक. सगळे पॅरिसचे! सिमोन द बोव्हारने १९४९ मध्ये 'द सेकंड सेक्स' हे स्त्रीवादाचं गाजलेलं पुस्तक लिहिलं ते पॅरिसमध्ये. इतिहासकार मिशेल पेरोने १९७३ मध्ये "बायकांना इतिहास आहे का" असा कोर्स घेतला तो पॅरिसच्या झुसिय्यू विद्यापीठात. लेखिका एलेन सिक्सूने १९७४ मध्ये स्त्री-अभ्यासाचं केंद्र उघडलं ते पॅरिसजवळच्या वँसेनमध्ये. विचार फ्रान्समधून समुद्रापार गेला, तिथे त्याला इतिहासाच्या कामाला जुंपलं गेलं, आणि परत आला तेव्हा विमानतळावर त्याला परदेशी म्हणून अडवलं. राष्ट्राच्या नावाने विचारांची वर्गवारी किती पोकळ असते याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

मराठी माणसाला हे ओळखीचं वाटेल. आपल्याकडे स्त्रीवादावरचा सर्वात स्वस्त हल्ला हाच, की हे पाश्चात्य खूळ आहे. ताराबाई शिंदे यांनी बुलढाण्यात बसून १८८२ मध्ये पुरुषांना जाब विचारला तेव्हा त्यांना कोणत्या पॅरिसची किंवा न्यूयॉर्कची दीक्षा मिळाली होती? आणि मुंबईत एसएनडीटीमध्ये नीरा देसाईंनी स्त्री-अभ्यासाचं केंद्र सुरू केलं ते १९७४ मध्ये, सिक्सूच्या केंद्राच्याच वर्षी, अमेरिकेतलं पेम्ब्रोक सेंटर व्हायच्या सात वर्षं आधी. आपण ज्यांना पाश्चात्य म्हणतो ते फ्रेंच लोक तोच शब्द अमेरिकेकडे ढकलतात. अमेरिकेतले सनातनी लोक पुन्हा हेच फ्रेंच पोस्टमॉडर्न खूळ म्हणून फ्रान्सकडे ढकलतात. प्रत्येकाला हा प्रश्न दुसऱ्याच्या घरचा हवा असतो.

आणि यात पोरांचं नुकसान होतं हे मला सर्वात जास्त लागतं. २०१३ मध्ये फ्रान्सच्या दहा शैक्षणिक विभागांत प्राथमिक शाळांसाठी समानतेचा एक छोटा उपक्रम सुरू झाला, मुलगी म्हणून, मुलगा म्हणून कोणाला कोणतं काम शोभतं हे मुलांनी जरा तपासून बघावं इतपत साधा. जानेवारी २०१४ मध्ये एसएमएसवरून अफवा फिरल्या की शाळेत मुलांना मुलगी करणार, भलतंसलतं शिकवणार, पालकांनी ठरवून मुलं घरी ठेवली, आणि सरकारने जूनमध्ये उपक्रम गुंडाळला. कॅथलिक सनातनी आणि काही मुस्लिम पालक यात एका बाजूला होते, म्हणजे ज्यांना २००४ मध्ये एकमेकांचे शत्रू म्हणून दाखवलं होतं तेच. आणि जे प्रजासत्ताक हिजाबच्या वेळी समानता आमच्या रक्तात आहे म्हणालं होतं ते सहा वर्षांच्या मुलांना समानता शिकवायच्या वेळी मागे हटलं.

म्हणून माझं म्हणणं असं की सरकारने संशोधनाला पैसे किती द्यायचे ते ठरवावं, पदं किती भरायची ते ठरवावं, पण निष्कर्षाचं नागरिकत्व तपासायचं काम त्याचं नाही, ते झालं की सॅम वॉलकची नोकरी जाते. स्कॉटची मांडणी चुकीची वाटत असेल तर कार्मोच्या नोंदी आहेत, १८५१ चे तक्ते आहेत, १९२२ च्या सिनेटमधली भाषणं छापील आहेत, व्हित्रीच्या मुलींच्या मुलाखती आहेत, ते सगळं घेऊन बसा आणि ती कुठे चुकली ते दाखवा. तेरी आणि ओझूफ यांनी निदान नावानिशी, पेपरात, तिच्याशी वाद घातला आणि तिनेही नावानिशी उत्तर दिलं. मंत्र्यांनी तेवढंही केलं नाही.